ब्रेड मशीन, सीरियल आणि परदेशी पाककृतींची पुस्तकं: आपल्या ओट्यावर वापरायची कशी

ब्रेड मशीन, म्हणजे पीठ मळण्यापासून पाव भाजण्यापर्यंत सगळं करणारं यंत्र, घरात आलं की त्याच्या मागोमाग पाककृतींचं एखादं पुस्तकही घरात येतं. कुणाची बहीण अमेरिकेहून येताना आणते, कुणाला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनं मिळतं, कुणी ई-बुक घेतं. पहिला पाव पुस्तकाबरहुकूम केला जातो आणि तो मधोमध खचतो, नाहीतर फुगतच नाही. दोष मशीनवर जातो आणि मशीन माळ्यावर. पुस्तकातली कृती मात्र बहुतेक वेळा बरोबर असते. फक्त ती दुसऱ्या पिठासाठी, दुसऱ्या कपासाठी आणि दुसऱ्या हवेसाठी लिहिलेली असते. ती आपल्या मापात उतरवून घेतली की तेच पुस्तक वर्षानुवर्षं कामाला येतं.

सोबत सीरियलच्या, म्हणजे नाश्त्याला खायच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या तयार धान्याच्या, पाककृतीही घेतल्या आहेत. ब्रेड मशीनच्या पुस्तकांत ओट्स, ब्रॅन फ्लेक्स, कॉर्नफ्लेक्स घातलेले पाव हमखास असतात, आणि खोकं एकदा उघडलं की उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न येतोच.

आधी एवढं जवळ ठेवा

- १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल वजनकाटा. बाकी काही नसलं तरी चालेल, हा हवाच.
- मोजायचे चमचे: ५ मिलिलिटरचा छोटा आणि १५ मिलिलिटरचा मोठा. पोह्याचा चमचा मापासाठी वापरू नका.
- २४० मिलिलिटरचा मापाचा कप.
- मशीनचं मॅन्युअल.
- इन्स्टंट यीस्ट (पाव फुगवणारं कोरडं खमीर) आणि ते ठेवायला घट्ट झाकणाची छोटी बरणी.
- लाकडी किंवा रबरी उलथणं. भांड्याला नॉनस्टिकचा थर असतो, स्टीलचा चमचा लावला की तो गेलाच.
- एक वही.

१. पुस्तकाआधी मॅन्युअल वाचा

घटक घालायचा क्रम मशीनप्रमाणे बदलतो. बहुतेक मशीनमध्ये आधी पाणी-तेल, त्यावर पीठ आणि सगळ्यात शेवटी पिठात खळगा करून यीस्ट. काही मशीनमध्ये, विशेषतः यीस्टचा वेगळा कप्पा असलेल्या, कोरडे जिन्नस खाली आणि पाणी वर. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, क्रम मशीनचाच पाळा. मळणी सुरू होण्याआधी यीस्ट आणि पाण्याची गाठ पडू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. रात्री टायमर लावून ठेवणार असाल तर हे फारच महत्त्वाचं. टायमरच्या पावात ताजं दूध आणि अंडं घालू नका, आपल्या हवेत ते सहा-सात तास बाहेर टिकत नाही. दुधाऐवजी पाणी आणि दूध पावडर घ्या.

मशीन जुनं घेतलं असेल आणि मॅन्युअल नसेल, तर तळाच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक बघा. बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअल त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. तेही नाही मिळालं तर भांड्यात २४० मिलिलिटरच्या कपाने पाणी भरून बघा. १० कपांहून कमी मावलं तर साधारण १ पौंडाचा पाव, १० ते १२ कप मावलं तर दीड पौंडाचा, त्याहून जास्त तर २ पौंडांचा. आपल्या भांड्यापेक्षा मोठ्या मापाची कृती घातली की पीठ उतू जाऊन खालच्या कॉइलवर पडतं आणि जळकट वास पुढचे कितीतरी दिवस जात नाही.

अमेरिकेहून मशीन आणायचा विचार करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. नुसता पिन बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, लावल्यालावल्या मशीन जळतं. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मशीनच्या वॉटपेक्षा भरपूर जास्त क्षमतेचा. ब्रेड मशीन साधारण ५०० ते ७०० वॉटचं असतं, म्हणजे १००० वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्या. माझं मत विचाराल तर मशीन इथेच घ्या, येताना पुस्तक आणा.

२. पुस्तक चाळताना काय बघायचं

१९९० च्या दशकात अमेरिकेत ब्रेड मशीनची लाट आली होती आणि त्यासोबत पुस्तकांचीही. जुन्या बाजारात हाती लागतात ती बहुधा त्या काळातली. ती चांगली आहेत, फक्त त्यांत मापं कपात असतात, पाव लहान असतात आणि यीस्ट बहुतेकदा ॲक्टिव्ह ड्राय प्रकारचं धरलेलं असतं. आपल्याकडे इन्स्टंट यीस्ट सहज मिळतं. ते जास्त जोरदार असतं, म्हणून पुस्तकात ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट १ चमचा असेल तर इन्स्टंट पाऊण चमचा घ्या.

पुस्तक घेण्याआधी कोणतंही एक पान उघडा आणि तीन गोष्टी शोधा. मापं ग्रॅममध्ये दिली आहेत का? एकाच कृतीची दोन-तीन आकारांची प्रमाणं आहेत का? मळताना पिठाचा गोळा कसा दिसायला हवा, हे कुठे सांगितलं आहे का? तिसरं ज्यात आहे ते पुस्तक घ्या, पहिली दोन नसली तरी.

३. कृती ग्रॅममध्ये उतरवा

इथे सगळ्यात जास्त पाव बिघडतात. अमेरिकन पुस्तकातला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन पुस्तकातला २५० चा. आपली आमटीची वाटी यांतली कुठलीच नाही. शिवाय कप भरायच्या पद्धतीवर वजन बदलतं. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केलेला मैद्याचा कप साधारण १२० ग्रॅमचा, तोच डब्यात खुपसून भरला तर १४० च्या पुढे जातो. ३ कपांच्या कृतीत हा फरक ६० ग्रॅमचा होतो. एवढ्याने मऊ पाव कोरडा पडतो.

कृतीच्या शेजारी पेन्सिलीने हे आकडे लिहून ठेवा:

- मैदा किंवा ब्रेडचं पीठ, १ कप: १२० ते १३० ग्रॅम
- रोल्ड ओट्स, १ कप: ९० ते १०० ग्रॅम
- साखर, १ कप: २०० ग्रॅम
- लोण्याची १ अमेरिकन कांडी: ११३ ग्रॅम
- १ औंस: २८ ग्रॅम
- अमेरिकन यीस्टची १ पुडी: ७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन छोटे चमचे
- ३५० अंश फॅरनहाइट: साधारण १७५ सेल्सिअस, ४०० अंश: साधारण २००

ऑस्ट्रेलियन पुस्तक असेल तर आणखी एक सांभाळा: तिथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा.

ग्रॅम हातात आले की एक पडताळणी करता येते, आणि माझा तिच्यावर पुस्तकापेक्षा जास्त भरवसा आहे. साध्या पावात पिठाच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के पाणी लागतं, आणि मीठ २ टक्क्यांच्या आत. कृती या हिशेबात बसत नसेल तर छपाईची चूक असू शकते, किंवा कप मोजण्यात घोळ असू शकतो. पीठ वाया घालवण्याआधी पुन्हा बघा.

४. पीठ: मैदा, कणीक आणि पुस्तकातलं पीठ

पुस्तकात ब्रेडचं पीठ म्हणून जे असतं त्यात १२ ते १४ टक्के प्रथिनं असतात. आपला साधा मैदा त्याहून थोडा कमजोर. त्याने पाव होतो, उत्तम होतो, फक्त पुस्तकातल्या फोटोएवढा उंच होत नाही. उंची हवीच असेल तर दर ४०० ग्रॅम मैद्याला एक मोठा चमचा ग्लुटेन पावडर घाला (ग्लुटेन म्हणजे पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रथिन). बेकिंगचं सामान मिळणाऱ्या दुकानात ती मिळते.

कणकेचं प्रकरण वेगळं आहे. चक्कीच्या दगडांमध्ये गहू रगडला जातो, घर्षणाने पीठ तापतं आणि पिष्टाचे कण फुटतात. फुटलेले कण जास्त पाणी पितात. म्हणूनच आपली पोळी मऊ होते, आणि म्हणूनच परदेशी पुस्तकातली कणकेच्या पावाची कृती जशीच्या तशी केली तर गोळा कोरडा पडतो. कोंड्याचे तुकडे ग्लुटेनचे धागेही तोडतात, त्यामुळे पाव कमी फुगतो. सुरुवात पाव हिस्सा कणीक आणि बाकी मैदा अशी करा. हात बसला की अर्धी-अर्धी करा. पूर्ण कणकेचा पाव शेवटी, होल व्हीटच्या प्रोग्रॅमवर, थोडं जास्त पाणी आणि ग्लुटेन घालून.

५. यीस्ट, पाणी आणि आपली हवा

थंड देशातली पुस्तकं कोमट पाणी घ्यायला सांगतात. तिथल्या हिवाळ्यात ते बरोबर आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच गरम येतं. त्यात मशीन मळताना पीठ आणखी तापवतं, यीस्ट उधळतं, पाव वेळेआधी फुगतो आणि भाजायच्या वेळेला खाली बसतो. उन्हाळ्यात माठातलं किंवा सरळ फ्रिजमधलं पाणी घ्या आणि यीस्ट पाव चमचा कमी करा. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या सकाळी मात्र कोमट पाणीच बरं.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, पिठाने आधीच ओलावा धरलेला असतो. तेव्हा पाण्यातलं एक-दोन मोठे चमचे मागे ठेवा, लागलं तरच घाला.

यीस्टचं मोठं पाकीट फोडल्यावर बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि एक छोटा चमचा यीस्ट टाका. १० मिनिटांत फेस आला नाही तर ते यीस्ट फेकून द्या. त्याला आणखी संधी देण्यात अर्थ नाही, पीठ वाया जातं.

मीठ कमी करायचा मोहही टाळा. मीठ यीस्टला आवर घालतं, बिनमिठाचा पाव भराभर वर येतो आणि खचतो.

६. मळणी सुरू झाल्यावर झाकण उघडून गोळा बघा

सगळ्या लेखातलं हेच सगळ्यात कामाचं आहे. मशीन चालू करून निघून जायचं, हा सर्वसाधारण समज. पण मळणी सुरू झाल्यावर ७ ते १० मिनिटांनी झाकण उघडा. या टप्प्यावर उघडलेलं चालतं. (भाजणी सुरू झाल्यावर मात्र उघडायचं नाही.)

गोळा एकसंध, गुळगुळीत, भांड्याच्या बाजू स्वच्छ ठेवून फिरणारा हवा. बोट लावलं तर किंचित चिकटेल, पण बोटाला लागून येणार नाही. तळाशी पीठ चिखलासारखं पसरलेलं असेल आणि पात्याभोवती नुसतं घसरत असेल, तर एकेक चमचा मैदा भुरभुरवा. गोळ्याला भेगा असतील, दोन-तीन तुकडे वेगवेगळे फिरत असतील, मशीन कण्हत असेल, तर एकेक छोटा चमचा पाणी घाला आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा. पोळ्यांची कणीक रोज मळणाऱ्या हाताला हे पुस्तकापेक्षा लवकर कळतं. पावाचा गोळा पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल, एवढं लक्षात ठेवा.

१९८० च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती ब्रेड मशीन तयार होत होतं, तेव्हा नेमकं मळणीवरच घोडं अडलं होतं. इकुको तानाका या अभियंता ओसाकातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या आणि त्यांना दिसलं की तो पीठ नुसतं दाबत नाही, पीळ देऊन ताणतो. तो पीळ यावा म्हणून भांड्याच्या आत उभ्या कडा दिल्या गेल्या. गोळा त्या कडांना अडकून ताणला जातो तेव्हा मळणी होते. पातळ पीठ कडांवरून निसटतं, फार घट्ट गोळा ताणलाच जात नाही. म्हणून हे १० मिनिटांनंतरचं बघणं.

७. पहिला पाव: ओट्सचा

पहिल्यांदा हाच करा. साधारण ७५० ग्रॅमच्या सेटिंगला बसतो.

- पाणी २६० मिलिलिटर (२० मिलिलिटर मागे ठेवून सुरुवात करा)
- तेल किंवा लोणी २ मोठे चमचे
- मीठ सव्वा छोटा चमचा
- साखर २ मोठे चमचे
- दूध पावडर २ मोठे चमचे
- मैदा ३०० ग्रॅम
- कणीक ६० ग्रॅम
- रोल्ड ओट्स ४० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा, उन्हाळ्यात सव्वा

मशीनच्या क्रमाने भरा, बेसिक प्रोग्रॅम, मध्यम रंग. ओट्स पाणी सावकाश पितात, त्यामुळे गोळा सुरुवातीला जरा चिकट वाटला तरी लगेच मैदा टाकू नका, ५ मिनिटं द्या. पाव झाल्याची शिटी वाजली की लगेच भांडं बाहेर काढा, नाहीतर वाफेने कडा ओलसर होतात. भांडं उपडं करून पाव जाळीवर ठेवा. पातं पावातच अडकून आलं असेल तर ते कापायच्या आधी काढा. आणि तासभर तरी कापू नका. गरम पाव कापला की आतून गिचगिचीत लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं.

काय घातलं, किती घातलं, हवा कशी होती आणि पाव कसा झाला, हे वहीत लिहा.

लादीपाव करायचा असेल तर डो प्रोग्रॅम लावा. साधारण दीड तासात मळलेलं, फुगलेलं पीठ मिळतं. त्याचे गोळे ताटात एकमेकांना खेटून ठेवा, दुप्पट होऊ द्या आणि ओव्हनमध्ये भाजा. गोव्यातली कोंडा लावलेली पोई या परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, पण तिचं पीठही असंच मशीनमध्ये मळून घेता येतं. पोदेराच्या (तिथल्या पाववाल्याच्या) लाकडाच्या भट्टीची चव मात्र घरच्या ओव्हनला येत नाही.

८. पावात सीरियल घालताना

सीरियल म्हणजे कोरडं, भाजलेलं धान्य. ते पाणी ओढून घेतं आणि त्याला स्वतःचं ग्लुटेन जवळपास नसतं. म्हणून पिठाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ब्रॅन फ्लेक्स किंवा कॉर्नफ्लेक्स घालायचे तर हाताने चुरून घाला. साखरेचा किंवा मधाचा थर असलेलं सीरियल असेल तर कृतीतली साखर कमी करा आणि कडेचा रंग फिक्यावर ठेवा, नाहीतर बाहेरून काळपट होतं. रंगीबेरंगी, मुलांचं सीरियल पावात घालू नका. रंग पिठात उतरतो आणि पाव राखाडी दिसतो.

मापातही एक खाच आहे. १ कप कॉर्नफ्लेक्स मोजून मग चुरायचे, की चुरून मग १ कप मोजायचा? दुसऱ्या पद्धतीत कितीतरी जास्त फ्लेक्स मावतात. ‘१ कप कॉर्नफ्लेक्स, चुरून’ असं लिहिलं असेल तर आधी मोजा, ‘१ कप चुरलेले कॉर्नफ्लेक्स’ असेल तर आधी चुरा.

घरात कुणाला ग्लुटेन वर्ज्य असेल तर कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून बिनधास्त देऊ नका. बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी बार्लीचं माल्ट असतं. खोक्यावरची यादी वाचा.

९. सीरियलची पाककृतीपुस्तकं

या प्रकारच्या पाककृतींचं मूळ अमेरिकेतल्या सीरियल कंपन्यांच्या प्रयोगघरांत आहे. माल खपावा म्हणून खोक्यावर आणि छोट्या पुस्तिकांत कृती छापल्या जायच्या. राइस क्रिस्पीज (कुरमुऱ्यांसारखं तांदळाचं सीरियल) आणि मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) यांच्या प्रसिद्ध वड्या १९३९ साली मिशिगनच्या बॅटल क्रीकमध्ये, केलॉग कंपनीतल्या मिल्ड्रेड डे आणि मलिट्टा जेन्सन यांनी मुलींच्या एका संस्थेच्या निधीसाठी बसवल्या. बटाट्याच्या भाजलेल्या कॅसरोलवर लोण्यात घोळवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायची पद्धतही अमेरिकेतलीच. युटा राज्यात तो पदार्थ कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग असला की शेजारी करून नेतात.

आपल्या घरात हे करताना तीन अडचणी येतात.

पहिली मार्शमॅलोची. त्यात जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी घरात जिलेटिनविना बनवलेले मार्शमॅलो शोधा, किंवा सरळ गुळाचा पाक करा. कुरमुऱ्याच्या लाडवांना करतो तसा पक्का पाक, थेंब पाण्यात टाकला की कडक व्हायला हवा.

दुसरी खोक्याच्या मापाची. जुन्या पुस्तकात एक खोकं सीरियल असं लिहिलेलं असतं, आणि खोक्याचा आकार तेव्हापासून बदललेला असतो. औंसात वजन दिलं असेल तरच ती कृती करा.

तिसरी मक्याच्या पोह्यांची, आणि ही खास आपली. किराणा दुकानात चिवड्यासाठी सुटे मिळतात ते मक्याचे पोहे कच्चे, जाड आणि कडक असतात. ते कडकडीत तेलात तळले की फुलतात. खोक्यातले कॉर्नफ्लेक्स आधीच शिजवून भाजलेले असतात, दूध घालून तसेच खायचे. पुष्कळदा दुकानदार दोन्हींना कॉर्नफ्लेक्सच म्हणतो. कच्चे पोहे बिस्किटात किंवा पावात घातले तर ते तसेच कडक राहतात, दाताखाली खड्यासारखे येतात. उलट खोक्यातले तेलात टाकले तर तेल पितात आणि क्षणात करपतात. खोक्यातल्या कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करायचाच असेल तर शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता यांची फोडणी करून गॅस बंद करा, मग फ्लेक्स घाला आणि फक्त परता.

सुरुवातीला करायला सगळ्यात सोपी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या वाढदिवसांना असते ती मधाची कपकेकसारखी कृती. ९० ग्रॅम लोणी, एक तृतीयांश कप साखर आणि एक मोठा चमचा मध एकत्र वितळवून फेस येईपर्यंत गरम करा. गॅसवरून उतरवून त्यात ४ कप कॉर्नफ्लेक्स हलक्या हाताने मिसळा, कागदी कपांत भरा आणि १५० अंश सेल्सिअसवर १० मिनिटं भाजा. गरम असताना ते मऊ लागतात आणि उचलले की मोडतात. पूर्ण गार झाल्यावरच कडक होतात, तोवर ट्रेला हात लावू नका. गार झाल्या झाल्या हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात ते दुसऱ्या दिवशी सादळतात, तेव्हा अर्ध्या मापाने करा आणि त्याच दिवशी संपवा.